आजोबांच्या ट्रंकेतला कापडी बिल्ला: जुना कोणता, नवा कोणता आणि नकली कोणता?

सातारा-सांगलीकडच्या गावांत घरटी एक लोखंडी ट्रंक असते. वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव घातलेलं असतं, आत एक पेन्शनचं पुस्तक, दोन-चार मेडल, एखादी चेपलेली टोपी आणि कागदाच्या पुडीत गुंडाळलेला बिल्ला. दिवाळीच्या साफसफाईत ही ट्रंक उघडते, नातू बिल्ल्याचा फोटो काढून टाकतो आणि खाली कमेंट सुरू होतात. कुणी म्हणतं पहिल्या महायुद्धातला आहे, लाखात जाईल. कुणी म्हणतं कॅम्पातल्या दुकानात पन्नास रुपयाला मिळतो. तिसरा थेट मेसेज करून "किती घेणार?" असं विचारतो.

खरं काय ते बऱ्याचदा कुणालाच माहीत नसतं. धातूच्या बिल्ल्याबद्दल थोडी तरी माहिती सापडते, पण कापडावर भरलेल्या बिल्ल्यांबाबत सगळा गोंधळच असतो. आणि त्या गोंधळात दोन गोष्टी होतात. एक तर घरातली खरी ठेव कवडीमोलानं जाते, नाहीतर नवीन संग्राहक नकली मालाला भरपूर पैसे मोजतो.

म्हणून हा बिल्ला कसा वाचायचा ते एकदा नीट बघू.

आधी हे ठरवा: हा टोपीचाच बिल्ला आहे का?

निम्मा घोळ इथंच होतो. बेरेट म्हणजे ती मऊ, गोल, एका बाजूला झुकवून घालायची लष्करी टोपी. आपल्या सैन्यात जवानांच्या बेरेटवरचा बिल्ला मुख्यतः धातूचा असतो. कापडी म्हणून जे विकलं जातं, त्यात चार वेगवेगळ्या वस्तू मिसळलेल्या असतात.

पहिली, खरोखर टोपीवरचा भरतकामाचा बिल्ला. जरीच्या तारेनं किंवा रेशमी दोऱ्यानं भरलेला, साधारण चार-पाच सेंटिमीटरचा. जगभरातल्या सैन्यांत असे बिल्ले मुख्यतः अधिकारी वापरत आले. काही दलांत सगळेच कापडी बिल्ला लावतात. ब्रिटनच्या एसएएस या दलाचा बिल्ला हे त्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण, आणि म्हणूनच जगात सर्वाधिक नकला होणाऱ्या बिल्ल्यांत त्याची गणना होते.

दुसरी, ब्लेझरचा बिल्ला. निवृत्त फौजी कार्यक्रमाला कोट घालतात, त्याच्या खिशावर पलटणीचं चिन्ह असतं. तो टोपीच्या बिल्ल्यापेक्षा चांगलाच मोठा, सात-आठ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असतो. चिन्ह तेच असल्यामुळे तो बिनधास्त टोपीचा म्हणून खपवला जातो. मोजपट्टी लावली की उत्तर मिळतं.

तिसरी, दंडावरचं चिन्ह. हे रेजिमेंटचं नसून डिव्हिजनचं किंवा कमांडचं असतं. दुसऱ्या महायुद्धातल्या चौथ्या भारतीय डिव्हिजनचा लाल गरुड आणि पाचव्या डिव्हिजनचा आगीचा गोळा ही त्यातली गाजलेली चिन्हं. मराठा पलटणी अशा वेगवेगळ्या डिव्हिजनमध्ये लढल्या, त्यामुळे सातारच्या घरात लाल गरुड सापडला तर नवल नाही. मात्र तो टोपीवर लावत नसत.

चौथी, छातीवरचं कौशल्याचं चिन्ह. ५ जून २०१९ रोजी वर्ल्ड कपच्या मॅचमध्ये धोनीच्या ग्लोव्हजवर दिसलेल्या चिन्हावरून केवढा वाद झाला, आठवत असेल. ते 'बलिदान' चिन्ह पॅरा स्पेशल फोर्सेसचं. ते छातीवर लावतात, टोपीवर नाही. त्या वादानंतर त्याच्या नकला गल्लोगल्ली विकायला आल्या. 'बलिदानचा बेरेट बॅज' असं लिहून कुणी काही विकत असेल, तर विकणाऱ्यालाच माहिती नाही असं समजा.

टोपीचं वय बिल्ल्याच्या वयाला मर्यादा घालतं

ही युक्ती सोपी आहे आणि बऱ्याच थापा इथंच पकडता येतात.

ब्रिटिश सैन्यात आधुनिक बेरेट आली ती रणगाड्यांच्या दलामुळे. १९२४ मध्ये रॉयल टँक कोअरची काळी बेरेट मंजूर झाली. छत्रीधारी सैनिकांची गडद मरून बेरेट १९४२ मधली. भारतीय पायदळाच्या डोक्यावर त्याआधी पगडी, फेटा आणि इतर टोप्या होत्या. बेरेटचा सर्रास वापर नंतरचा.

आता साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचं उदाहरण घ्या. गावाच्या नावातच 'मिलिटरी' आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण मारले गेले आणि त्यांच्या स्मरणार्थ ब्रिटिशांनी तिथं स्मारक उभारलं. अशा गावातून 'पणजोबांचा पहिल्या महायुद्धातला बेरेटचा बिल्ला' बाहेर पडला, तर पणजोबा खरे असतील, युद्धही खरं असेल, पण बिल्ला बेरेटचा असू शकत नाही. तो एकतर खांद्यावरचा किंवा पगडीवरचा आहे, नाहीतर नंतरच्या पिढीचा आहे. बऱ्याच वेळा एकाच ट्रंकेत तीन पिढ्यांच्या वस्तू एकत्र आलेल्या असतात आणि सगळ्याचं श्रेय सगळ्यात जुन्या माणसाला जातं.

टोपीचा रंगही मदत करतो. मरून म्हणजे पॅराशूट रेजिमेंट. काळी म्हणजे रणगाड्यांचं दल. गडद हिरवी म्हणजे पायदळ, मराठा लाइट इन्फंट्री त्यातच येते आणि तिच्या टोपीला हिरवा-लाल तुरा असतो. फिकट आकाशी निळी म्हणजे संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना. १९५६ मध्ये गाझा पट्टीत गेलेल्या पहिल्या शांतिसेनेपासून हा रंग जगाला माहीत झाला. आजोबा 'परदेशात ड्युटीला होते' एवढंच घरात माहीत असेल आणि ट्रंकेत आकाशी टोपी निघाली, तर शोध कुठून सुरू करायचा ते कळलं.

चिन्ह वाचायचं कसं?

बिल्ल्यावर मुकुट आहे की सिंह, हे आधी बघा. मुकुट असेल तर तो ब्रिटिश राजाचा. १५ ऑगस्ट १९४७ ला मुकुट एका रात्रीत गेला नाही. २६ जानेवारी १९५० ला भारत प्रजासत्ताक झाला आणि मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली. म्हणजे मुकुटवाला भारतीय बिल्ला स्वातंत्र्यानंतरच्या दोन-अडीच वर्षांतलाही असू शकतो.

मुकुटाचा आकारसुद्धा बघा. १९०१ ते १९५२ या राजांच्या काळातला मुकुट वरून गोलसर, घुमटासारखा दिसतो. एलिझाबेथ राणी १९५२ मध्ये गादीवर आली, तिच्या मुकुटाच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या असतात. तोपर्यंत भारत प्रजासत्ताक होऊन दोन वर्षं झाली होती. त्यामुळे भारतीय रेजिमेंटच्या बेरेट बिल्ल्यावर दबक्या कमानीचा मुकुट दिसला, तर तो बनवणाऱ्यानं ब्रिटिश नमुना समोर ठेवून नक्कल केली आहे, हे जवळजवळ नक्की.

दुसरी खूण आकड्यांची. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींना तीन आकडी नंबर होते: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात अडकलेल्या पलटणींत १०३, ११० आणि ११७ होत्या. १९२२ च्या फेररचनेत या सगळ्या मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. म्हणून तीन आकडी नंबर दिसला तर वस्तू १९२२ च्या आधीची, किंवा तसं भासवलेली. नुसता ५ आणि मराठा असेल तर १९२२ ते १९४५ चा काळ. १९४५ मध्ये ५ गेला.

स्पेलिंगही बदललं. इंग्रजांच्या काळात 'मराठा' हा शब्द इंग्रजीत लिहिताना मधे एक जादा 'एच' असायचा. स्वातंत्र्यानंतर तो निघाला. जुन्या नंबरासोबत नवं स्पेलिंग किंवा सिंहासोबत जुनं स्पेलिंग दिसलं, तर थांबा.

मराठा लाइट इन्फंट्रीच्या चिन्हातला बिगुल बघून अनेकांना हा बँडवाल्यांचा बिल्ला वाटतो. तसं नाही. बिगुल ही जगभरच्या लाइट इन्फंट्रीची खूण आहे. चपळाईनं पसरून लढणाऱ्या या तुकड्यांना हुकूम बिगुलावर दिले जात. मराठा चिन्हात बिगुलासोबत ढाल-तलवारी आहेत.

महार रेजिमेंटचं चिन्ह तर स्वतःच एक इतिहास सांगतं. रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली. सुरुवातीच्या चिन्हात कोरेगाव भीमाचा स्तंभ होता. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली आणि चिन्हात तिवईवर बसवलेल्या, एकमेकांना छेदणाऱ्या दोन व्हिकर्स मशीनगन आल्या. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. स्तंभ असलेला अस्सल बिल्ला म्हणूनच दुर्मिळ. आणि त्या स्तंभाशी लोकांच्या भावना जोडलेल्या असल्यानं त्याच्या आठवण म्हणून केलेल्या नव्या प्रतीही भरपूर आहेत. आठवण म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही. १९४० च्या दशकातला म्हणून घेताना मात्र मागची बाजू तपासा.

एका घरात बिगुल आणि छत्री, दोन्ही?

सातारा-सांगलीत हा प्रश्न हमखास येतो. "आजोबा मराठा पलटणीत होते, मग फोटोत मरून टोपी कशी?"

याचं उत्तर १९५२ मध्ये आहे. पॅराशूट रेजिमेंट नव्यानं उभी राहिली तेव्हा वेगवेगळ्या रेजिमेंटच्या तीन छत्रीधारी पलटणी तिच्यात गेल्या. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण २ पॅरा (मराठा) झाली. हीच ती पलटण जिच्यात नाईक यशवंत घाडगे होते. रायगड जिल्ह्यातल्या माणगावजवळचे घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत लढताना मारले गेले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशातल्या टांगाईलला विमानांतून उतरली तीही हीच २ पॅरा.

पुढे १९९० च्या दशकात २१ मराठा पलटण २१ पॅरा (स्पेशल फोर्सेस) झाली. साताऱ्याच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक मूळ याच पलटणीचे. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात ते शहीद झाले.

थोडक्यात, माणूस तोच, पलटण तीच, पण टोपी आणि बिल्ला बदलला. बिगुल एकीकडे आणि उघडी छत्री, पंख व खंजीर असलेलं पॅराचं चिन्ह दुसरीकडे, असे दोन्ही एका ट्रंकेत निघाले तर त्यातला एक खोटा असं समजून टाकून देऊ नका. कदाचित ती जोडीच सगळ्यात मोलाची आहे.

आता बिल्ला उलटा करा

कापडी बिल्ल्याची दर्शनी बाजू कुणीही हुबेहूब बनवतो. मागच्या बाजूला खोटं बोलणं अवघड. काय काय बघायचं?

रंगातला फरक. वापरलेला बिल्ला पुढून उन्हानं विटतो, मागून मूळ रंग टिकतो. दोन्ही बाजू सारख्याच विटलेल्या असतील तर तो चहाच्या पाण्यात बुडवून 'जुना' केलेला असू शकतो. वास घेतलात तरी कधीकधी समजतं.

टाके. हातानं भरलेल्या बिल्ल्यामागे टाके थोडे वेडेवाकडे असतात, दोरा एका भागातून दुसऱ्या भागात ओढलेला दिसतो, मधूनच गाठ असते. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं काम मागूनही एकसारखं आणि दाट असतं. त्यामागे बहुधा पांढरं, कागदासारखं न विणलेलं अस्तर असतं. असं काम 'दुसऱ्या महायुद्धातलं' असू शकत नाही.

पाठीवरचा थर. इस्त्रीनं चिकटवायचा चकचकीत प्लास्टिकचा थर किंवा वेल्क्रो दिसला की काळ अलीकडचा. जुन्या बिल्ल्यामागे कापड, जाड कागद किंवा खळ लावलेलं अस्तर सापडतं. कडेला मशीननं घातलेली जाड गोल किनार हीसुद्धा नंतरच्या काळातली खूण.

दोरा. सुती दोरा जळताना कागदासारखा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. ही चाचणी फक्त मागे लोंबणाऱ्या, आधीच सुटलेल्या टोकावर करायची. टोक सुटलेलं नसेल तर करायचीच नाही.

जरी. खऱ्या जरीत चांदीची तार असते, ती हवेनं हळूहळू काळवंडते. तांब्याच्या स्वस्त तारेवर हिरवट डाग येतात. प्लास्टिकची चमकी वर्षानुवर्षं तशीच चमकत राहते. पन्नास वर्षं ट्रंकेत राहूनही नव्या नवरीच्या शालूसारखा लखलखणारा बिल्ला बघून खूश होण्याआधी विचार करा.

नोटा तपासायचा अतिनील टॉर्च. आजचे बरेचसे धागे त्या प्रकाशात निळे-पांढरे चमकतात, जुनी सुती कापडं सहसा नाहीत. पण एक अडचण आहे. आजच्या डिटर्जंटमध्येही चमक आणणारे पदार्थ असतात. आजीनं तो बिल्ला मागच्या वर्षी धुतला असेल तर अस्सल बिल्लाही चमकेल. म्हणून एकाच चाचणीवर निकाल देऊ नका. निदान तीन खुणा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत.

शिवणीच्या भोकांकडेही बघा. टोपीवर वर्षानुवर्षं शिवलेल्या बिल्ल्याच्या कडेला सुईची जुनी भोकं आणि थोडी ओढ दिसते.

भारतात बनलेला म्हणजे नकली का?

अजिबात नाही. परदेशी संग्राहक 'इंडिया मेड' म्हणून नाक मुरडतात, ते अर्धसत्य आहे. बनारसचे जरदोजी कारागीर आणि पाकिस्तानातलं सियालकोट ही लष्करी बिल्ल्यांची मोठी केंद्रं आहेत. जगातल्या कितीतरी सैन्यांचे अधिकृत बिल्ले इथं भरले जातात आणि संग्राहकांसाठीच्या प्रतीही इथंच बनतात. म्हणजे खरा आणि नकली बिल्ला एकाच हातातून उतरलेला असू शकतो. म्हणून प्रश्न 'कुठं बनला' हा नसून 'कधी आणि कुणासाठी बनला' हा आहे.

नवी प्रत 'नवी प्रत' म्हणून विकणं ही फसवणूक नाही. जुनी म्हणून विकणं ही फसवणूक. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडे मागच्या बाजूचा आणि मोजपट्टी ठेवलेला फोटो मागा. द्यायला टाळाटाळ केली तर पुढं जा.

अलीकडचा एक बदलही लक्षात ठेवा. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांना सगळ्या रेजिमेंटसाठी एकसारखा गणवेश लागू झाला. टोपी आणि पदचिन्हंही एकच. त्यामुळे या हुद्द्यावरची रेजिमेंटची वेगळी टोपी आता इतिहासजमा झाली आणि त्याच्या 'जुन्या' प्रती बाजारात वाढू शकतात.

धुऊ नका, जाळू तर मुळीच नका

जरी काळी पडली म्हणून लोक चिंच, टूथपेस्ट नाहीतर डिटर्जंट लावतात. त्यानं रंग फुटतो, अस्तराची खळ विरघळते आणि ओळख पटवणारी पाठ खराब होते. मऊ ब्रशनं हलकी धूळ झाडा, बस्स.

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-विटा भागातले गलाई व्यावसायिक देशभर सोनं-चांदी गाळण्याचं काम करतात. जुनी जरी जाळून चांदी काढता येते हे त्यामुळे आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. पण बोटभर बिल्ल्यातून निघणारी चांदी अगदी नगण्य असते. बिल्ला मात्र कायमचा जातो.

पाटण, जावळी, शिराळ्याकडे पावसाळ्यात दमटपणा फार. तिथं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या बिल्ल्याला बुरशी लागते. स्वच्छ धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात सैलसर गुंडाळून, घडी न घालता, सपाट ठेवा. डांबरगोळी ठेवलीच तर ती बिल्ल्याला टेकू देऊ नका.

कायदा काय म्हणतो?

बिल्ला जमवणं आणि तो लावून मिरवणं यात फरक आहे. आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूनं सैनिकाचा गणवेश किंवा चिन्ह वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ प्रमाणे गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. रीलसाठी मरून टोपी चढवण्याआधी हे आठवा.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तूंचा. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि परवानगीशिवाय ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धातल्या वस्तू आता त्या मर्यादेत आल्या आहेत. परदेशी गिऱ्हाईकाला पार्सल करण्याआधी हे तपासून घ्या.

बिल्ल्यासोबत कागद ठेवा

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं. नाव-गाव माहीत नसलेला बिल्ला म्हणजे भरतकाम केलेला कापडाचा तुकडा. त्याच बिल्ल्यासोबत डिस्चार्ज बुक, एक फोटो आणि पलटणीचा नंबर असेल तर तो पुरावा होतो. संग्राहकही अशाच वस्तूला मान देतात.

कागद शोधताना सांगलीकरांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तासगाव, वाळवा, शिराळा, खानापूर हा भाग आधी सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळे तासगावच्या आजोबांच्या १९४० च्या दशकातल्या कागदावर जिल्हा 'सातारा' असेल, तर तो कागद दुसऱ्या कुणाचा नाही. उलट, त्या काळच्या कागदावर 'जिल्हा सांगली' असं छापलेलं दिसलं तर कागदावरच शंका घ्या.

महायुद्धांत मरण पावलेल्या सैनिकांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर मोफत शोधता येतात. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हांनी टाकून बघा, कारण लिहून घेणाऱ्या कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलंय. पेन्शन आणि नोकरीच्या कागदांसाठी सातारा आणि सांगलीत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे, मिरजेतून थेट गाडी जाते.

आणि घरात त्या पलटणीतलं कुणी हयात असेल, तर वेबसाइटच्या आधी त्यांच्याजवळ बसा. बिल्ला हातात द्या, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा, "आबा, ही टोपी कुठली?" बिल्ला अजून पन्नास वर्षं टिकेल. सांगणारा माणूस तेवढा थांबणार नाही.